बाउन्सर ठेवू का, असं विचारणाऱ्या तरुण डॉक्टरांसाठी

प्रश्न असा आला आहे: "मी एमडी मेडिसिन, पत्नी भूलतज्ज्ञ. सोलापुरात २० खाटांचं हॉस्पिटल सुरू करतोय, त्यात ६ खाटांचा आयसीयू. गेल्या महिन्यात ओळखीच्या एका डॉक्टरांकडे पेशंट गेल्यावर तोडफोड झाली, रात्रपाळीच्या सिस्टरला मारलं. घरचे म्हणतात दोन बाउन्सर ठेव. कायद्याचा खरंच उपयोग होतो का? आम्ही आधीपासून काय तयारी ठेवावी?"

बाउन्सर ठेवू नका. काळा टी-शर्ट घालून, छाती काढून आयसीयूच्या दारात उभा असलेला माणूस दिसला की नातेवाइकाला पहिल्याच दिवशी कळतं, इथे भांडणाची तयारी करून ठेवलेली आहे. त्यात ही पोरं बहुधा इथल्याच कुठल्या तरी पेठेतली. समोरचा जमाव त्यांच्या ओळखीच्या मंडळाचा निघाला तर ती बाजूला होतात. वैरातल्या मंडळाचा निघाला तर तुमचं भांडण राहतं बाजूला आणि त्यांचंच सुरू होतं. तेवढ्याच पैशात निवृत्त फौजी किंवा निवृत्त हवालदार मिळतो. पन्नाशी उलटलेला, "मावशी, बसा जरा, पाणी घ्या, मी आत विचारून येतो" म्हणणारा. तो घ्या. रात्रीसाठी दोघे घ्या. त्यांना बसायला खुर्ची आणि चहाला पैसे द्या, आणि पास असल्याशिवाय कोणालाही वर सोडायचं नाही, मग तो तुमचा मेहुणा का असेना, एवढं सांगा.

मी बरीच वर्षं इथे आयसीयू चालवते. त्यात बघितलेलं एक सांगते, बाकीचं सगळं त्यातून निघतं. मारहाण पेशंट मेला म्हणून होत नाही. ऐंशी वर्षांचे, कॅन्सर झालेले आजोबा जातात तेव्हा घरचे आपल्यालाच हात जोडून जातात. काच फुटते ती काल संध्याकाळी चहा पिऊन बोललेला पोरगा आज पहाटे गेला तर. त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं आणि आपण सांगत असलेलं जुळत नाही. मधल्या बारा तासांत काय झालं हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं, मग तो मधला भाग ते स्वतःच भरतात: "चुकीचं इंजेक्शन दिलं." म्हणून तुमची तयारी दारावर असून चालणार नाही. ती आदल्या दिवशीच्या बोलण्यात असली पाहिजे.

आपल्या भागातलं नेहमीचं उदाहरण घ्या. मोहोळ, अक्कलकोट, तुळजापूरकडून फवारणीचं औषध प्यायलेला पेशंट येतो. ऑरगॅनोफॉस्फरस. तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीएवढ्या. आपण पोट धुतो, अॅट्रोपिन हा उतारा सुरू करतो. रात्री अॅट्रोपिनमुळे तो बडबडायला लागतो, सलाईन उपसतो, म्हणून सिस्टर त्याचे हात खाटेला बांधते. पहाटे बायको काचेतून बघते: नवऱ्याला गुरासारखं बांधून ठेवलंय. ठिणगी इथे पडते, आणि आपल्याला ती दिसलेलीसुद्धा नसते. दुसऱ्या दिवशी तो शुद्धीवर येतो, चहा मागतो, पोरांची चौकशी करतो. अर्धे नातेवाईक "सुटला बाबा" म्हणून गावाकडे परततात. तिसऱ्या रात्री त्याला उशीवरून मान उचलता येत नाही, श्वास वरवरचा होतो आणि तासाभरात व्हेंटिलेटर लागतो. आपल्याला हे पुस्तकात ठाऊक आहे: विष घेतल्यानंतर चोवीस ते शहाण्णव तासांत मानेचे, खांद्याचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडतात. त्यांना एवढंच ठाऊक आहे की काल बरा होता. "काल बोलत होता की ओ, आज मशीन कशाला? बिल वाढवायला?"

यावर माझ्याकडे एकच उपाय आहे आणि तो फुकट आहे. पहिल्या दिवशी, पेशंट बरा दिसायला लागायच्या आत, घरच्या दोघांना बसवून सांगायचं: "उद्या ते बोलतील, चहा मागतील. त्यावर जाऊ नका. या औषधाचा खरा धोका दुसऱ्या ते चौथ्या दिवशी असतो. मान उचलता येत नाही, हे पहिलं लक्षण. आम्ही दर दोन तासांनी बघणारच, पण भेटायला आत याल तेव्हा तुम्हीही त्यांना मान उचलायला सांगा. जमेना झालं की लगेच सिस्टरला हाक मारा. त्या वेळी काही दिवस मशीन लागेल, आणि बहुतेकांची ती निघतेसुद्धा." हात बांधायचे असतील तर बांधण्याआधी बायकोला आत बोलवायचं, तो सलाईन कसं उपसतोय ते दाखवायचं आणि तिच्यासमोर मऊ कापडाने बांधायचं. इतकं केल्यावर तिसऱ्या रात्री भाऊच धावत येतो, "मॅडम, मान उचलंना झालाय." तो आता आपल्या बाजूला उभा असतो. पेशंट पुढे दगावला तरी तो बाजू सोडत नाही.

असे आजार ओळखून ठेवा. तणनाशक पॅराक्वाट प्यायलेला पेशंट शेवटपर्यंत शुद्धीत असतो, बोलत असतो, त्याला उतारा नाही आणि फुप्फुसं दिवसेंदिवस आकसत जातात. त्यात सुरुवातीला ऑक्सिजन मुद्दाम लावत नाहीत, कारण ऑक्सिजनने फुप्फुसाचं नुकसान वाढतं. खरोखर कमी पडायला लागला तरच देतात. नातेवाइकाला दिसतं ते इतकंच की शेजारच्या खाटेला मास्क आहे, आपल्याला नाही. डेंग्यूत ताप उतरल्यावर घरचे निर्धास्त होतात आणि नेमकी तेव्हाच रक्तवाहिन्यांतून गळती सुरू होऊन ब्लडप्रेशर कोसळतं. मण्यार चावलेला माणूस पहाटे नुसतं पोटात दुखतंय म्हणत येतो, दाताची खूणसुद्धा सापडत नाही, आणि दुपारपर्यंत पापण्या मिटायला लागतात. सर्पदंशाच्या लसीची रिअॅक्शन तर ती सुरू केल्यावर काही मिनिटांतसुद्धा येऊ शकते. लस टोचायच्या आधी "याची रिअॅक्शन येऊ शकते, त्याचं औषध भरून ठेवलंय, हे बघा" एवढं वाक्य बोललेलं असेल तर पुढच्या गोंधळात त्याचा उपयोग काचेच्या जाड दारापेक्षा जास्त होतो.

आता कोण सांगणार आणि कोणाला. "पेशंट सिरीयस आहे, काही सांगता येत नाही" हे वाक्य तुमच्या हॉस्पिटलात बंद करा. ते ऐकून कोणाला काहीच कळत नाही. दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, खुर्चीवर बसून, कन्सल्टंटने स्वतः सांगायचं. कॉरिडॉरमध्ये चालता चालता नाही. किडनी, श्वास, ब्लडप्रेशर, शुद्ध, या चार गोष्टी कालच्यापेक्षा बऱ्या की वाईट, एवढंच. नंतर केसपेपरवर दोन ओळी मराठीत लिहून ऐकणाऱ्याची सही घ्यायची. इंग्रजीत छापलेल्या पाच पानी संमतीपत्रावर भरतीच्या वेळी घेतलेली सही कोर्टात किती टिकते हा वकिलांचा प्रश्न. माणसाच्या मनात ती अजिबात टिकत नाही.

सोलापुरात हे नुसतं मराठीत भागत नाही. आपल्याकडे पूर्व भागातली तेलुगू कुटुंबं येतात, इंडी, अफझलपूर, आळंदकडची कन्नड माणसं येतात, उर्दू बोलणारे येतात. मराठी त्यांना येतं, बाजारापुरतं. आई मरणाच्या दारात असताना बाजारापुरतं मराठी पुरत नाही. एक तेलुगू आणि एक कन्नड बोलणारी सिस्टर प्रत्येक पाळीला असेल असं बघा. माझ्याकडच्या एका सिस्टरने नुसतं तेलुगूत "अम्मा" म्हणून जवळ बसून जेवढी भांडणं विझवली आहेत, तेवढी पोलिसांच्या गाडीनेही विझवली नसतील.

आणि भरतीच्या दिवशीच विचारा, घरात निर्णय कोण घेतं. आयसीयूबाहेर चार दिवस बसलेला माणूस बहुतेक वेळा निर्णय घेणारा नसतो. निर्णय घेणारा पुण्यात कंपनीत, भिवंडीत यंत्रमागावर किंवा हैदराबादला असतो. तो तिसऱ्या दिवशी रात्रीच्या गाडीने उतरतो, इतके दिवस आलो नाही याचं ओझं घेऊन येतो आणि सगळ्यात मोठा आवाज त्याचाच असतो. त्याला पहिल्या दिवशीच फोन करा, स्पीकरवर, इथल्या नातेवाइकांच्या समोर. रोज दोन मिनिटं. गावाहून फोन येण्यापेक्षा हॉस्पिटलमधून फोन आला याचा मोठा परिणाम होतो. मी नवीन डॉक्टरांना एकच सवय लावायला सांगितली असती तर ही सांगितली असती.

पैशाबद्दल. हा भाग आपल्या लोकांना आवडत नाही, तरी लिहिते. तुमचं हॉस्पिटल महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असेल तर रेशनकार्ड, आधार पहिल्याच तासात मागून घ्या आणि आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या हॉस्पिटलातल्या मदतनिसाकडे, पाठवा. नसेल, तर "आमच्याकडे योजना नाही, अमुक ठिकाणी आहे, पेशंट हलवण्याच्या स्थितीत असताना निर्णय घ्या" हेसुद्धा पहिल्याच तासात सांगा. योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. विड्या वळणाऱ्या बाईने मंगळसूत्र गहाण टाकून भरलेले पैसे दुसऱ्या हॉस्पिटलात लागलेच नसते, हे तिला चौथ्या दिवशी शेजारीण सांगते. त्या क्षणी तुम्ही तिच्या लेखी चोर ठरता, आणि उद्या पेशंट गेला तर खुनीसुद्धा. विश्वस्त संस्थेच्या हॉस्पिटलांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात असतात, तेही तुम्हाला माहीत हवं. पत्ता सांगितल्याने आपलं काही जात नाही.

बिलाचा आकडा रोज द्या. बिलाचं बोलणं डॉक्टरने करायचं नाही आणि आयसीयूच्या दारात तर कोणीच करायचं नाही. मृत्यूनंतरच्या पहिल्या तासात बिल हा शब्द तुमच्या इमारतीत उच्चारला जाता कामा नये. बिलासाठी मृतदेह अडवून ठेवणं बेकायदाच आहे. राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ च्या नियमांत ते स्पष्ट आहे, दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायचंही त्यातच आहे. बुडालेले पैसे परवडतात. फुटलेलं मॉनिटर आणि भेदरलेला स्टाफ परवडत नाही.

मृत्यू सांगायचं काम ज्युनिअरवर टाकू नका. रात्री तीन वाजता असला तरी तुम्ही या, नाहीतर पत्नी येईल. सिव्हिलला किंवा कुठल्याही मेडिकल कॉलेजात मार खातो तो निवासी डॉक्टर, कारण त्या वेळी तिथे तोच असतो. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी हॉस्पिटलात एका निवासी डॉक्टरला जमावाने इतकं मारलं की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. डोक्याला मार लागलेल्या पेशंटसाठी न्यूरोसर्जन इथे नाही, हे सांगायची पाळी त्याच्यावर आली होती. न्यूरोसर्जन नेमणं हे त्याचं काम नव्हतं. त्यानंतर राज्यभर निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, मेडिकल कॉलेजांत महाराष्ट्र सुरक्षा बलाचे जवान आले. जवान हवेतच. पण एका खाटेमागे चार नातेवाईक आणि एका डॉक्टरमागे साठ पेशंट असतील तिथे दारावरचा जवान किती पुरणार?

सांगायची पद्धत. वेगळी खोली, सगळे बसलेले, तुम्हीसुद्धा बसलेले, मोबाईल बंद. आधी विचारायचं, "रात्री तुम्हाला काय काय सांगितलं होतं?" त्यांच्या तोंडून येतं की श्वास कमी झाला होता, मशीन लावलं होतं. मग दोन वाक्यांत पुढचं, आणि स्पष्ट: "आम्ही प्रयत्न केले, पण ते गेले." 'एक्स्पायर झाले', 'रिस्पॉन्स देत नाहीत' असलं काही नाही. नंतर गप्प बसायचं. ती गप्प बसायची दोन मिनिटं फार जड जातात आणि तरुण डॉक्टर तिथेच बोलायला लागतात, सोडियम आणि क्रिएटिनिन सांगतात. बोलू नका. रडू द्या. कोणी ओरडलं तर ओरडू द्या. मग जवळच्या दोघांना पेशंटपाशी न्या. त्याआधी सिस्टरने नळ्या काढून, तोंड पुसून, स्वच्छ चादर घातलेली असावी. आणि मृत्यूची वेळ कागदावर आणि बोलण्यात एकच असावी. 'मेलेला माणूस व्हेंटिलेटरवर ठेवला' हा आरोप बहुतेक वेळा वेळेच्या घोळातूनच उगवतो.

विष, सर्पदंश, अपघात यांत पीएम, म्हणजे शवविच्छेदन, करावंच लागतं, आणि "पीएम नको, बॉडी द्या" यावरून खूप हाणामाऱ्या होतात. भरतीच्या वेळी एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद) करताना ही पोलीस केस आहे, पुढची कागदपत्रं पोलिसांमार्फत होतील, हे सांगून ठेवा. सर्पदंशाने शेतकरी गेला असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतल्या २ लाखांसाठी कागद लागतात, त्यात पीएमचा अहवाल महत्त्वाचा, एवढं समजावलं की विरोध बहुधा मावळतो. बाकी मृत्यूंतही नातेवाइकांना संशय दिसला तर पीएमचं तुम्हीच सुचवा. तुम्ही पीएम मागताय म्हटल्यावर लपवण्यासारखं काही नाही हे आपोआप कळतं. ते टाळायला बघणारे डॉक्टर मला कधी समजले नाहीत.

इमारतीबद्दल थोडक्यात. रिसेप्शनला साधी काच लावू नका, फुटून सुऱ्या होतात. आयसीयूला मागून दुसरं दार हवंच, आणि त्याला बाहेरून कुलूप नको. डॉक्टरची खुर्ची दाराकडे, नातेवाइकांच्या खुर्च्या आतल्या बाजूला. अडकायची वेळ आली तर तुम्ही अडकता कामा नये. सलाईनचे स्टँड, मोकळे सिलिंडर वेटिंगमध्ये पडलेले नकोत. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग रिसेप्शनच्या टेबलाखाली ठेवलं तर जमाव पहिलं तेच उचलतो. नातेवाइकांना बसायला पंखा, पाणी, संडास आणि मोबाईल चार्ज करायची सोय. मे महिन्यात ४३ डिग्रीत जिन्यावर बसवलेला माणूस संध्याकाळी शांत राहावा अशी अपेक्षाच चूक.

जमाव जमला तर काय, हे स्टाफला आधी ठरवून द्या आणि वर्षातून दोनदा करून बघा. ११२ ला फोन कोण करणार, हे नावानिशी ठरलेलं हवं, नाहीतर प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने केला. ज्या ठाण्याच्या हद्दीत तुमचं हॉस्पिटल येतं, विजापूर नाका असो की जोडभावी पेठ, तिथल्या अधिकाऱ्यांना उद्घाटनाच्या आधीच भेटून या. जमावातल्या सगळ्यांशी बोलायला जाऊ नका. त्यातला एक बोलका आणि एक वयस्कर निवडा, "तुम्ही दोघं आत या, सगळे कागद दाखवते" म्हणा. नगरसेवक किंवा कोणी भाऊ, दादा, अण्णा आले असतील तर त्यांनाही आत घ्या, खुर्ची द्या. त्यांना चार लोकांत आपलं वजन दाखवायचं असतं, ते बंद खोलीत 'मी बघितलं, सगळं बरोबर आहे' म्हणूनही दाखवता येतं. मोबाईलवर लाईव्ह सुरू करणाऱ्याचा फोन हिसकावू नका, तेवढी तीस सेकंदंच गावभर फिरतील. पहिला हात उठला की मात्र चर्चा संपली. डॉक्टरने निघून जायचं, स्टाफने मागच्या दाराने बाकीच्या पेशंटकडे जाऊन तिथलं दार लावून घ्यायचं. अंगावर झेलण्यात शौर्य नाही. आत पाच जण अजून व्हेंटिलेटरवर आहेत.

कायद्याचं विचारलंत. महाराष्ट्रात २०१० चा वैद्यकीय सेवा व्यक्ती आणि संस्थांवरील हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे. डॉक्टर, नर्स, विद्यार्थी, पॅरामेडिकल कर्मचारी सगळे त्यात येतात. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मालमत्तेच्या नुकसानीची दुप्पट भरपाई, आणि ती दिली नाही तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली. नुसती तोडफोड नव्हे, कामात अडथळा आणणंसुद्धा त्यात हिंसाच धरलं आहे. २०२० मध्ये साथरोग कायद्यात दुरुस्ती होऊन गंभीर इजेला ७ वर्षांपर्यंत शिक्षा आली, पण ती साथीच्या काळापुरती. सगळ्या देशासाठी वेगळ्या कायद्याचा मसुदा २०१९ मध्ये आला आणि तिथेच राहिला. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर मेडिकल कॉलेजात शिकाऊ डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाल्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृती दल नेमलं, केंद्राने आपल्या अखत्यारीतल्या हॉस्पिटलांना हल्ल्यानंतर सहा तासांच्या आत संस्थाप्रमुखाने एफआयआर करावा असं कळवलं. कृती दलाचं मत पडलं की वेगळ्या केंद्रीय कायद्याची गरज नाही. माझंही मत साधारण तेच. कायदा कमी पडत नाही. कमी पडते ती फिर्याद.

काय होतं बघा. तोडफोड होते, आपण पहिल्यांदा काच झाडून घेतो. मग कोणी मध्यस्थ येतो, "डॉक्टर, त्यांच्या घरात माणूस गेलाय, सोडा." आपल्यालाही दुसऱ्या दिवशी ओपीडी असते. पोलीस नुसती अदखलपात्र नोंद करतात, पेपरात चार ओळी येतात, विषय संपतो. म्हणून: पंचनामा होईपर्यंत काच झाडायची नाही. ज्याला लागलंय त्याची स्वतःची एमएलसी करायची, सिव्हिलला जाऊन. फिर्याद संस्थेच्या वतीने तुम्ही द्यायची, मार खाल्लेल्या सिस्टरच्या एकटीच्या नावाने नाही, कारण ती त्याच गल्लीत राहते. फिर्यादीत २०१० च्या कायद्याचं नाव लिहून द्यायचं आणि एफआयआरमध्ये ते आलंय का बघूनच सही करायची. नुकसानीची बिलं जोडायची. आणि शांतपणे ठरवायचं: रडत, धक्काबुक्की करत दार ढकलणाऱ्या म्हाताऱ्या बापावर मी गुन्हा दाखल करणार नाही. दोन तासांनी गाड्या भरून आलेल्या, पेशंटचं नावही माहीत नसलेल्या टोळक्यावर करणार, आणि मागे घेणार नाही.

त्या कायद्यात आणखी एक तरतूद आहे, जी आपण भाषणांत सांगत नाही: वैद्यकीय निष्काळजीपणाची तक्रार असलेल्यांचं ऐकून घ्यायला आणि त्यांना योग्य ठिकाणी दाद मागायचा सल्ला द्यायला तज्ज्ञांचं प्राधिकरण. बरीच हॉस्पिटलं 'डॉक्टरांवर हल्ला केल्यास ३ वर्षं कैद' असा लालभडक बोर्ड लावतात आणि त्याच्या शेजारी तक्रार कुठे करायची हे लिहीत नाहीत. तो बोर्ड तुम्ही लावणार असाल तर दुसराही लावा: केसपेपरच्या प्रती लेखी मागितल्यापासून ७२ तासांत मिळतील, तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे करता येते, भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे, १९९५ पासून डॉक्टरची पैसे घेऊन दिलेली सेवा ग्राहक कायद्यात येते, निष्काळजीपणाची पोलीस तक्रारही करता येते. ती झाली म्हणून घाबरायचं नाही. जेकब मॅथ्यू प्रकरणात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की ढोबळ निष्काळजीपणाच गुन्हा ठरतो, आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यायचं, आणि डॉक्टरला सरसकट अटक करायची नाही. आपण ज्याला तक्रारीचा रस्ता दाखवतो तो सहसा दगड उचलत नाही.

आणखी एक, हे आपल्या खाजगीवाल्यांसाठी. पेशंट हाताबाहेर गेल्यावर रात्री एक वाजता चिठ्ठी देऊन "सिव्हिलला न्या" म्हणायचं आणि आपण झोपायचं, ही पद्धत तुम्ही तरी सुरू करू नका. पोरगा तिथे पोचल्यावर अर्ध्या तासात जातो आणि मार खातो तिथला पंचवीस वर्षांचा इंटर्न, ज्याने पेशंटला हातही नीट लावलेला नसतो. कॅज्युअल्टीला आधी फोन करा, खाट आहे का विचारा, काय दिलंय ते लिहून द्या, अॅम्ब्युलन्समध्ये आपला माणूस बसवा, आणि नातेवाइकांना खरी स्थिती आपल्या तोंडाने सांगूनच पाठवा. चीनमध्ये जाऊन रुग्णसेवा केलेल्या डॉ. कोटणीसांच्या गावातले डॉक्टर म्हणून दरवर्षी १ जुलैला, डॉक्टर दिनाला, आपण हार घालून घेतो, तेवढं तरी करू.

शेवटी त्या सिस्टरबद्दल, जिला मारलं. अशा घटनेनंतर बातमी डॉक्टरची होते. शिव्या, ओढणं, थप्पड हे रोज झेलतात त्या सिस्टर, मावशी, वॉर्डबॉय आणि काउंटरवरचा पोरगा. तिला जबाब द्यायला एकटीला पाठवू नका, ठाण्यात तुम्ही शेजारी बसा. दोन-तीन दिवस पगारी रजा, नंतर पहिले काही दिवस दिवसपाळी आणि सोबतीला दुसरी कोणी. घरच्यांना फोन करा, नाहीतर ते तिला नोकरी सोडायला लावतात आणि त्यात त्यांचं चूक नाही. केस उभी राहायला वर्षं लागतात. तोवर ती लग्न होऊन हैदराबादला गेलेली असेल आणि समन्स जुन्या पत्त्यावर येईल. तिचा नवा पत्ता, फोन आणि आपल्या वकिलाचा नंबर एका फाइलमध्ये ठेवा. साक्षीच्या तारखेला तिच्या जाण्यायेण्याचं भाडं आणि त्या दिवसाचा बुडालेला पगार हॉस्पिटलने द्यायचा, हे आताच ठरवून टाका.